तीन पट्ट्यांचं धनुष्य

सिंदी रेल्वे गावचा रावण बाणानं मेला, असं कोणी कधी पाहिलं नव्हतं. तिथला रिवाज वेगळा होता. कापसाच्या जिनिंगमागच्या पटांगणात बांबू, तणस आणि रंगीत कागदांचा रावण उभा राहायचा. रामाचं सोंग घेतलेला पोरगा तेलात भिजवलेल्या चिंध्यांचा पेटता बाण सोडायचा. तो बाण रावणाच्या बराच अलीकडे मातीत तोंड खुपसून फुस्सकन विझायचा. मग समितीचा एखादा माणूस रॉकेलचा टेंभा घेऊन हळूच रावणाच्या पाठीमागं जायचा. तो सगळ्यांना दिसायचा, पण त्या वेळी सगळे रामाकडे बघून टाळ्या वाजवायचे. गावाची एक समजूत असते आणि ती गावानंच मिळून सांभाळायची असते.

१९८० च्या दसऱ्याला ही समजूत अल्लीपूरच्या पुंडलिकराव भोयरांनी मोडली. ते मोठ्यांदा हसले.

हसायची जागा फार वाईट होती. पुंडलिकरावांची मुलगी नलू त्याच उन्हाळ्यात सिंदीच्या ढग्यांकडे दिली होती. लग्नानंतरचा पहिला दसरा म्हणून पुंडलिकराव आणि त्यांची बायको लीलाबाई मानाचे पाहुणे होऊन गेले होते. पहिल्या रांगेत ज्यांच्या मांडीला मांडी लावून ते हसले, ते त्यांचे व्याही मधुकरराव ढगे हेच दसरा समितीचे अध्यक्ष होते. मधुकरराव कापसाचे आडते. माणूस तोलून बोलणारा, पण एकदा बोलला की काटा हलू न देणारा.

"इवाई, का झालं हासाले?" त्यांनी विचारलं.

"काई नाई जी," पुंडलिकराव डोळे पुसत म्हणाले. "लंकेचा राजा रॉकेलनं मरते, हे पाह्यलं नोतं कधी."

आजूबाजूचे दोघंचौघं खुदकले. मधुकररावांनी कोटाची गुंडी लावली.

"मंग तुमीच आना धनुष्य."

"आनतो."

"इकत आनान?"

"इकत काऊन? या हातानं बनवीन. पुढच्या दसऱ्याले बाण रावनाच्या छातीत लागला नाई, तं ही मिशी इथंच उतरवीन, या पटांगनात."

पुंडलिकरावांची मिशी साधी नव्हती. अल्लीपुरात लोक एखाद्या परक्याला त्यांचं घर सांगताना त्या मिशीपासून सुरुवात करत. त्यामुळे पाठीमागं बसलेल्या नलूनं कपाळाला हात लावला आणि लीलाबाईंनी पदर तोंडात धरला.

परतीच्या गाडीत लीलाबाईंनी फक्त एक विचारलं, "अजी, धनुष्य बनवता येते तुमाले?"

"त्याले का लागते? लाकूड वाकवलं, दोरी बांदली, झालं धनुष्य."

"अन् ओढन कोन? आंब्यावरून पडल्यापासून तुमचा हात कानाच्या वर जात नाई."

"ओढाचं काम रामाचं. आपन बनवनारे."

पुंडलिकरावांचा स्वभावच असा होता. शेती मुलाच्या हाती दिल्यापासून त्यांना वेळ भरपूर होता. घरात रंदा, पटाशी, करवत सगळं होतं, आणि कोणी मागितल्या नाहीत अशा वस्तू बनवण्याचा त्यांना नाद होता. त्यांनी गोठ्याला दोन्हीकडं उघडणारं दार बसवलं होतं. म्हैस एकीकडून आत बांधायला न्यावी तर ती दुसरीकडून बाहेर निघायची. पण आजवरच्या वस्तूंवर त्यांनी कधी मिशी लावली नव्हती.

पहिलं धनुष्य त्यांनी बांबूच्या एका जाड कांबीचं केलं. दोरी बांधून जरा ताणलं तोच ते मधोमध कडाडलं, आणि त्याचा एक तुकडा उडून शेजारच्या विमलाबाईंच्या छपरावर गेला. दोन कवेलू फुटले. दुसरं त्यांनी धावड्याच्या फांदीचं केलं. धावड्याचा कुऱ्हाडीला दांडा करतात, तो काय मोडतो! तो मोडला नाहीच, पण एकदा वाकला तो वाकलाच. दोरी सोडली तरी धनुष्य नव्या सुनेसारखं मान खाली घालूनच राहिलं. त्यातून सोडलेला बाण अंगणातल्या कोंबडीजवळ जाऊन पडला. कोंबडीनं तो चोचीनं हलवून पाहिला आणि सोडून दिला.

पुंडलिकरावांचं जेवण कमी झालं. आरशासमोर उभं राहून ते वरच्या ओठावर तळहात ठेवून बघू लागले.

मग एक दिवस हिंगणघाटहून येताना एसटी नाल्याजवळ बंद पडली. ड्रायव्हर गाडीखाली शिरला. बाकीची माणसं बाभळीच्या सावलीत बसली आणि पुंडलिकराव ड्रायव्हरच्या मागोमाग गाडीखाली शिरले.

"ओ काका, तुमी कुठी?" ड्रायव्हर ओरडला.

पुंडलिकरावांचं लक्ष नव्हतं. मागच्या चाकावर लोखंडाची कमान होती. ती एका जाड लोखंडाची नव्हती, तर पातळ पट्ट्यांची होती. पट्ट्यावर पट्टा, पट्ट्यावर पट्टा, सगळे एकत्र आवळलेले. एवढी माणसांनी भरलेली गाडी, ते खड्डे, आणि ही कमान वाकते आणि परत सरळ होते! पुंडलिकराव तिथं उताणे पडून इतका वेळ त्या कमानीकडे बघत राहिले की गाडी दुरुस्त झाल्यावर कंडक्टरनं त्यांना पायाला धरून बाहेर ओढलं.

पाठीला नाल्यातली माती घेऊन ते तसेच स्टँडवरच्या सायकलच्या दुकानात गेले. दुकान श्रावण मेश्रामचं. दोघं पहिलीपासून एका वर्गात होते आणि तेव्हापासून श्रावणनं पुंडलिकरावांच्या एकाही बेताला चांगलं म्हटलं नव्हतं, म्हणून प्रत्येक बेत पहिल्यांदा त्यालाच सांगायचा असे.

"श्रावण, एक पट्टा मोडते. पाच पट्टे एकावर एक ठेवले तं मोडत नाई. काऊन?"

"मोडत कशी नाई? एसटी मोडूनच तं उभी होती नाल्यात."

"ते इंजिन होतं बे! मी कमानीचं बोलून राह्यलो. लाकडाचे पट्टे, पातळ. एकावर एक चिपकवाचे. पाठीले बांबू, त्याले ताना, तुटत नाई. पोटाले धावडा, त्याले दाबा, चेपत नाई. अन् मधात तिवस. गाडीच्या जुवाले लावते तो."

श्रावणनं हातातला पाना खाली ठेवला. पुंडलिकरावांच्या तोंडून इतकी सरळ गोष्ट त्यानं पहिल्यांदाच ऐकली होती.

"अन् चिपकल्यावर आवळाचं कायनं?"

"तुह्या जुन्या ट्यूबांनं."

"तरीच म्हटलं, मले काऊन सांगून राह्यला," श्रावण म्हणाला, पण ट्यूबा द्यायला तो तयार झाला.

हिवाळाभर पुंडलिकराव लाकूड निवडत आणि वाळवत होते. पट्टे रंदून रंदून भाकरीहून पातळ केले. आंब्याच्या फळीचा, हव्या त्या बाकाचा साचा कोरला. मग मे महिना आला. वर्ध्याकडचा मे महिना म्हणजे कावळासुद्धा सावली बघून बसतो. लाकूड चिकटवायचा सरस वाळायला याहून चांगले दिवस नाहीत, म्हणून पुंडलिकरावांनी मुहूर्त धरला. लीलाबाई विमलाबाईंबरोबर देवळात गेल्या होत्या. सरसाच्या खड्या भिजवून ठेवलेल्याच होत्या. त्या मंद आचेवर शिजवायला भांडं हवं होतं, आणि चुलीजवळ सगळ्यात चांगल्या बुडाचं भांडं कोणतं दिसलं, तर लीलाबाईंचं खिरीचं पितळी गंज.

लीलाबाई परत आल्या त्या फाटकाजवळच थांबल्या. त्यांनी नाकाला पदर लावला.

"घरात का मेलं?"

"काई नाई वं. सरस शिजून राह्यला. लाकूड चिपकवाचा."

"सरस म्हनजे का असते?"

"झाडाचा... डिंकासारखाच एक..."

इथपर्यंत निभावलं असतं. पण तेवढ्यात श्रावण खांद्यावर ट्यूबांची माळ घेऊन आत आला आणि वास घेऊन खुशीत म्हणाला, "वा, असली माल हाये. हाडं-कातडं चांगलं उकडलं का असाच वास येते, वैनी."

लीलाबाईंनी सांडशीनं गंज उचललं, तसंच हातभर लांब धरून अंगण ओलांडलं आणि गोठ्याच्या दारात नेऊन ठेवलं.

"हे आता तुमचं," त्या म्हणाल्या. "तुमी, तुमचं धनुष्य अन् हे गंज, तिघं मिळून इथंच राहा."

पुंडलिकराव मृग लागेपर्यंत गोठ्यात झोपले. पण त्या दिवशी सरस गरम होता आणि भांडत बसायला वेळ नव्हता. दोघा मित्रांनी पट्ट्यांना तो चोळला, तिन्ही पट्टे साच्यावर ठेवले आणि ट्यूबांच्या पट्ट्या काढून त्या टोकापासून टोकापर्यंत इतक्या करकचून गुंडाळल्या की श्रावणच्या बोटांना फोड आले. ते सगळं काळं लांबट प्रकरण अंगणात खाटेवर उन्हात ठेवलं. दुपारी विमलाबाई ताक मागायला आल्या आणि खाटेवर अजगर पसरलेला पाहून ताकाचं भांडं तिथंच टाकून पळाल्या. गल्लीतली माणसं काठ्या घेऊन जमली. पुंडलिकराव धनुष्यावर आडवे पडले नसते, तर ते त्याच दिवशी ठेचलं गेलं असतं.

बरेच दिवस उन्हात ठेवल्यावर त्यांनी ट्यूबा सोडल्या. तीन पट्ट्यांचं एकच लाकूड झालं होतं. टिचकी मारली तर घुमत होतं. पुंडलिकरावांनी ते गालाला लावलं आणि श्रावणकडे बघितलं.

"अजून ओढलं कोठी हाये तू," श्रावण म्हणाला.

खरं काम तिथूनच सुरू झालं. धनुष्याच्या दोन्ही बाजू सारख्या वाकल्या पाहिजेत. एक बाजू आखडली तर बाण वाकडा जातो, आणि एखाद्या जागी जास्तच वाकली तर धनुष्य तिथून मोडतं. ते दुरून उभं राहून बघायचं, जिथं ताठ दिसेल तिथं कोळशानं खूण करायची, आणि काचेच्या तुकड्यानं तेवढीच जागा खरडायची. पुंडलिकरावांनी भिंतीतल्या मोठ्या खुंटीवर धनुष्याची मूठ बसवली, दोरीला दोर बांधला, तो खाली विहिरीच्या जुन्या गडगडीतून घेतला. आता कोणीतरी दोर ओढायचा आणि त्यांनी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून डोळा बारीक करायचा, एवढंच उरलं.

ओढायला कोणी नव्हतं. मुलगा पेरणीत होता. श्रावणची कंबर धरली होती. पुंडलिकरावांचा खांदा तर वर जातच नव्हता. दोन दिवस ते दोराकडे बघत बसले, आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"नलूची आई."

"का?"

"जरासा दोर ओढून देशीन का?"

लीलाबाईंनी भाकरी उलटली. "हिंगनघाटहून नवं गंज आनान का?"

"आनतो."

"अन् मी ओढून राह्यली तवा बोलाचं नाई. एक शबुद नाई."

ही दुसरी अट जड होती, पण ते कबूल झाले.

मग पावसाळाभर रोज दुपारी भोयरांच्या पडवीत हा प्रकार चाले. लीलाबाई दोर ओढत. त्यांचे दंड विहिरीचं पाणी ओढून आणि जात्यावर दळून घडलेले होते, त्यांना काही वाटत नसे. पुंडलिकराव ओठ मिटून बघत, खूण करत, खरडत. एक दिवस ते काच घेऊन पुढं आले तर लीलाबाईच म्हणाल्या, "थांबा. डावीकडची नाई. उजवी आखडून राह्यली, मुठीच्या जरा वर."

त्यांनी बघितलं. खरंच होतं. दोराला धरून असलेल्या हाताला ते आधी कळलं होतं. पुंडलिकरावांनी बोलायला तोंड उघडलं, अट आठवली, आणि गुपचूप उजवी बाजू खरडली.

धनुष्य पुरं झाल्यावर बाण सोडून बघायचे होते, तेही लीलाबाईंनीच सोडले. वाडीत कडब्याची गंजी होती, तिच्यावर. पहिला बाण गंजीवरून गेला, दुसरा गंजीच्या अलीकडे पडला. मग हळूहळू लीलाबाईंचा स्वयंपाक लवकर उरकू लागला. भाद्रपदात तर त्या पुंडलिकराव झोपलेले असतानाच धनुष्य घेऊन वाडीत जात आणि विमलाबाई कुंपणापलीकडून "आता त्या भोपळ्याले मारा, आता त्या फांदीले मारा" असं सांगत बसत. पावसाच्या दमटपणानं सरस सुटू नये म्हणून रोज ते धनुष्य चुलीवरच्या माळ्यावर ठेवायचं कामही त्यांनीच घेतलं होतं.

पुंडलिकरावांना याचं काही विशेष वाटलं नाही. उलट त्यांनी त्यातून आपल्या सोयीचा अर्थ काढला. बाईमाणसाला ओढता येतं, म्हणजे धनुष्य जरा नरमच झालं. रामाला तर ते हातात घेताच येईल. त्यांनी स्वतः ते एकदाही ओढून पाहिलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दोघं निघाले. धनुष्य धोतराच्या जुन्या पानात गुंडाळलेलं, माणसाएवढं. श्रावण त्यांना पोचवायला स्टँडवर आला होता. तोही निघण्याच्या तयारीत होता, कारण दसऱ्याला त्याचं सगळं घर दीक्षाभूमीला नागपूरला जायचं.

"पाहाले मी नसीन," तो म्हणाला. "आल्यावर मिशी असली तं समजीन लागला, नसली तं समजीन नाई."

एसटीत कंडक्टरनं त्या लांब गाठोड्याकडे बघून विचारलं, "हे का हाये?"

"धनुष्य."

"कोनाचं?"

"रामाचं."

कंडक्टरनं जरा विचार केला. "आडवं ठेवलं तं लोकाइले लागन. उभं ठेवलं तं टपाले लागन. रामाले सांगा, बसून जा." शेवटी धनुष्य खिडकीतून निम्मं बाहेर काढून ते वर्ध्यापर्यंत आले. तिथून पॅसेंजरनं सिंदी.

दसऱ्याच्या संध्याकाळी पटांगण भरून गेलं होतं. पैजेची बातमी जिनिंगच्या हमालांपासून शेलूच्या बाजारापर्यंत पोचली होती. जिल्ह्याचे कोणी मोठे पाहुणे बोलावले होते. रावण मारून झाल्यावर त्यांचं भाषण होतं, आणि त्यासाठी रावणाच्या मागच्या खांबावर मोठा भोंगा बांधला होता. पहिल्या रांगेच्या कडेला मधुकररावांनी गावचा न्हावी धोपटीसकट बसवून ठेवला होता. पुंडलिकरावांना तो दिसावा अशीच जागा निवडली होती.

रामाचं काम मधुकररावांचा पुतण्या भैयाजी करायचा. गोरा, नाकेला, अंगानं काडी. त्याच्याकडे रामाला लागणारं सगळं होतं, दंड सोडून. त्यानं धनुष्याला नमस्कार केला, बाण लावला, चिंध्या पेटवल्या आणि ओढलं.

धनुष्य हललं नाही. भैयाजी हलला.

त्यानं पाय फाकवले, दात खाल्ले आणि पुन्हा ओढलं. मुकुट सरकून नाकावर आला. दोरी चार बोटं मागं आली आणि परत गेली. पेटता बाण पायावर पडला आणि प्रभू रामचंद्र "आई वं!" करून बाजूला उडाले.

"लक्ष्मना, तू पाह्य," मधुकरराव म्हणाले. लक्ष्मणाचंही तेच झालं. मग हनुमान पुढं आला. तो बापूजी हमाल, कापसाचं बोझं एका खांद्यावर उचलणारा. त्यानं एका हिसक्यात दोरी कानापर्यंत नेली आणि लोक ओरडले. पण धरायचं कसं ते त्याला माहीत नव्हतं. दोरी निसटली ती सटकन त्याच्या डाव्या हातावर बसली. हनुमान हात धरून मटकन खाली बसला आणि कोणाला हाताला शिवू देईना.

"हे धनुष्य हाये का वखर?" गर्दीतून कोणी म्हणालं.

मधुकरराव स्वतः उठले. त्यांनी ओढलं तेव्हा त्यांचा पांढरा कोट पाठीवर मधोमध उसवला. त्यांनी धनुष्य खाली ठेवलं, पाठ जिनिंगच्या भिंतीकडे केली आणि शांतपणे म्हणाले, "इवाई, बाण छातीत लागला नाई, हे तं सगळ्याइनं पाह्यलं."

न्हाव्यानं वस्तरा चामड्यावर घासायला घेतला.

पुंडलिकरावांना काहीच समजेना. घरी तर हे रोज ओढलं जात होतं! तेवढ्यात बायकांच्या बाजूनं नलूचा आवाज आला. सासरी आल्यापासून ती इतक्या मोठ्यानं कधी बोलली नव्हती.

"मामाजी, माही आई ओढते न ते!"

सगळं पटांगण बायकांच्या बाजूला वळलं. लीलाबाईंनी डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला आणि नलूला कोपरानं ढोसलं. इकडे एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, रावणाला बाईमाणसानं मारलं असं कुठंच ऐकलं नाही. त्यावर दुसरे म्हणाले, मग रॉकेलनं मारल्याचं कुठं ऐकलं होतं? वाद पेटला, रावण तसाच राहिला. शेवटी भाजलेल्या अंगठ्यावर फुंकर घालत बसलेला भैयाजी उठून उभा राहिला. त्यानं मुकुट नीट केला आणि उजवा हात वर केला.

"ही रामाची आज्ञा हाये," तो म्हणाला. "मावशी, तुमी मारा."

रामाच्या आज्ञेपुढं कोण बोलणार?

लीलाबाई आल्या. व्याह्यांकडे न बघता त्यांनी धनुष्य उचललं, नऊवारीचा पदर कमरेला खोचला. कोणीतरी मुकुट पुढं केला, तो त्यांनी परत केला. बाण लावला, पेटवून घेतला. पुंडलिकरावांनी डोळे मिटले, पण मिटल्या डोळ्यांनीही त्यांना तो आवाज कळला. टण्ण! पडवीत पावसाळाभर ऐकलेला.

बाण इतक्या वेगानं गेला की त्याचा जाळ वाटेतच विझला. तो रावणाच्या छातीत शिरला, पाठीतून बाहेर आला आणि मागच्या भोंग्याच्या तोंडात खणकन घुसला. भोंगा कुईं करून बंद पडला.

मग लोकांच्या लक्षात आलं की आता भाषण होणार नाही, आणि सिंदीत त्याआधी कधी झाल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या झाल्या. पाहुणेही टाळ्या वाजवत होते. त्यांना दुसरं काही करण्याजोगं उरलं नव्हतं.

रावण मात्र छातीला भोक घेऊन उभाच होता. समितीचा एक माणूस सवयीनं टेंभा शोधायला निघाला.

"थांबा जी," लीलाबाई हळूच म्हणाल्या. "दुसरा बाण द्या. जोरात ओढला तं जाळ विझते. मी आता अर्धाच ओढीन."

त्यांनी दोरी हनुवटीपर्यंत न नेता मधेच थांबवली, बाण जरा वर धरला आणि सोडला. तो धुराची रेघ ओढत आरामात गेला, रावणाच्या पोटात बसला आणि तिथंच जळत राहिला. मग आतले फटाके फुटायला लागले.

लोकांनी लीलाबाईंना घेरलं. बायका त्यांचे दंड चाचपून बघत होत्या. मधुकरराव पाठीला उपरणं लपेटून आले आणि वाकून म्हणाले, "इहीनबाई, पुढच्या वर्षी तुमालेच याचं हाये." मग ते पुंडलिकरावांकडे वळले. "इवाई, मिशी राहू द्या. पन तिच्यात तुमचा हिस्सा आता थोडाच."

दुसऱ्या दिवशीच्या पॅसेंजरमध्ये पुंडलिकराव खिडकीकडे तोंड करून बसले होते. मिशी वाचली होती, पण तिला पीळ देण्याचं मन होत नव्हतं. महिनाभर गोठ्यात झोपलो, काचेनं बोटं कापून घेतली, एसटीखाली लोळलो. आणि बाण कोणी मारला हे शंभर जणांनी विचारलं, धनुष्य कोणी बनवलं हे एकानंही विचारलं नाही. डब्यातसुद्धा सिंदीची दोन माणसं होती, ती इतरांना भोंग्याची गोष्ट सांगत होती.

"या त्या बाई," त्यांतला एक लीलाबाईंकडे बोट दाखवून म्हणाला.

एका म्हातारीनं धनुष्यावरून हात फिरवला. "का वं माय, एवढं गुळगुळीत कोठी भेटलं?"

"भेटलं नाई," लीलाबाई म्हणाल्या. "यायनं बनवलं. दोन बिघडवले तवा एक जमलं."

पुंडलिकरावांनी मान वळवली. बिघडल्याचा उल्लेख झाला नसता तर बरं झालं असतं, पण ते म्हातारीच्या शेजारी सरकले आणि तिला बांबू, तिवस आणि धावडा शेलूपासून वर्ध्यापर्यंत समजावून सांगितला. ती सेवाग्रामलाच झोपली होती.

श्रावण नागपूरहून आला तो थेट भोयरांच्या अंगणात. त्यानं आधी मिशी बघितली, मग गोष्ट ऐकली, आणि खाटेवर बसून इतका हसला की त्याची धरलेली कंबर सुटली.

"तू धनुष्य रामासाठी बनवलंच नाई," तो म्हणाला. "ओढलं वैनीनं, खरडलं वैनीच्या हिशोबानं. तं मंग ते दुसऱ्याच्या बापाले कसं ओढन?"

"आता समजलं मले ते," पुंडलिकराव म्हणाले.

पुढच्या आषाढात झड लागली. आठवडाभर सूर्य दिसला नाही. चूल ओल्या लाकडांनी नुसती धुमसत होती, आणि माळ्यावरच्या धनुष्याचा सरस सुटला. एका सकाळी लीलाबाईंनी ते खाली काढलं तर तिन्ही पट्टे वेगळे होऊन हातात आले. पुंडलिकरावांना वाटलं, आता ऐकावं लागणार. पण लीलाबाई त्या पट्ट्यांकडे बघत उंबऱ्यावर बसून राहिल्या. त्यांचा चेहरा म्हैस दगावल्यासारखा झाला होता. मग त्यांनी डोळे पुसले.

"दुसरं बनवान का जी?"

पुंडलिकरावांचा कानांवर विश्वास बसेना. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी बनवलेली वस्तू लीलाबाईंनी आपणहून मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"बनवतो की! उन्हाळा लागू दे. तसंच बनवतो."

"तसंच नोका बनवू," त्या म्हणाल्या. "मूठ जाड होती. माह्या हातात नीट बसत नोती. अंगठा दुखे."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"ते तवा रामाचं होतं न."

पुंडलिकराव आत जाऊन दोरा घेऊन आले. त्यांनी लीलाबाईंचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि तळव्याभोवती दोरा गुंडाळू लागले. हात त्यांना वाटला होता त्याहून लहान निघाला. त्यांनी दोरा सोडला आणि पुन्हा मापलं. मग बोटांमधून, मग अंगठ्याच्या मुळाजवळून.

कुंपणापलीकडे विमलाबाई धुणं टाकायचं सोडून बघत उभ्या होत्या. लीलाबाई लाजल्या.

"लवकर मापा जी," त्या म्हणाल्या. "भाजी करपून राह्यली."